कापड दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहून काम. जेवणाच्या सुट्टीचा हक्क आहे का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : लातूरच्या कापड लाइनमधलं दुकान, पंचवीस-सव्वीस जण कामाला, सकाळी १० ते रात्री ९. जेवणाची ठरलेली वेळ नाही. मालक म्हणतात, "गिऱ्हाईक नसेल तेव्हा खाऊन घ्या, सुट्टीबिट्टीचा कायदा कारखान्यांना असतो." सोबतच्या एका ताईंचं बाळ आठ महिन्यांचं आहे, त्यांना मधे घरी जाऊ देत नाहीत. आणि पगार १२ हजार.

हक्क आहे. आणि तो दुकानांसाठीच केलेल्या कायद्यात आहे, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये. कारखान्यांचा कायदा वेगळा. दुकानाच्या कायद्यात म्हटलंय की कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं असेल तर मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते. दिवसाचं काम ९ तास, आठवड्याचं ४८ तास, त्यावर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे, आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल करायला मंजुरी दिली : वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानांत दिवसाचे ९ ऐवजी १० तास, आणि विश्रांती पाच ऐवजी सहा तासांनी. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. पण तुमच्या बाबतीत जुना आकडा धरा की नवा, तुमच्या दुकानात दोन्हीपैकी एकही पाळला जात नाही. म्हणून त्या वादात अडकू नका.

हिशेब करून बघा. तुम्ही १० ला उभे राहता. म्हणजे दुपारी ३ च्या आत, फार तर ४ च्या आत, अर्धा तास मिळायलाच हवा. समजा दीड ते दोन सुट्टी मिळाली. दोनपासून रात्री नऊपर्यंत पुन्हा सात तास होतात. म्हणजे संध्याकाळी आणखी एक अर्धा तास लागतो. हे दुसरं भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवायला सोडलं की मालकाला वाटतं झालं, आणि आपल्यालाही तसंच वाटतं. कायद्यातला शब्द "सलग" आहे, तो सकाळच्या कामाला लागतो तसाच संध्याकाळच्या कामालाही लागतो.

आता पैशाची बाजू, कारण मालकाशी बोलताना हीच उपयोगी पडते. विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत धरत नाहीत. पण विश्रांती दिलीच नाही तर अकराच्या अकरा तास काम झालं. ९ तासांच्या हिशेबाने रोज दोन तास जादा. १२ हजार पगार, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे तासाचे साधारण ५१ रुपये, दुप्पट दराने १०२. महिन्याला हे ५,३०० रुपयांच्या आसपास जातं. १० तासांच्या नव्या हिशेबाने धरलं तरी २,४०० होतात. हे पंचवीस जणांचे करून बघा. दोन वेळा अर्धा तास सोडणं मालकाला कितीतरी स्वस्त पडतं, आणि तो व्यापारी माणूस आहे, त्याला हे गणित एकदा सांगितलं की कळतं.

"गिऱ्हाईक नसेल तेव्हा खा" याला मी विश्रांती म्हणत नाही. मी स्वतः नांदेडला साडीच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत, आता कामगार संघटनेचं काम करते. लगीनसराईत बस्त्याचं गिऱ्हाईक बसलं की दोन-दोन तास उठत नाही. नवरीचा शालू, मग मानपानाच्या साड्या, मग "त्या आधीच्या गठ्ठ्यातली हिरवी परत दाखवा". आम्ही मागच्या गोदामात खोक्यावर बसून डबा उघडायचो. भाकरीचा तुकडा मोडला की गल्ल्यावरून हाक यायची. तसाच हात धुवून बाहेर, पुन्हा पन्नास साड्यांच्या घड्या, आणि परत येईपर्यंत भाकरी वाळून कडक. त्या अर्ध्या तासात तुम्हाला कुणी हाक मारू शकतं, आणि हाक मारली तर उठावं लागतं, तोवर तुम्ही कामावरच असता. खरी सुट्टी म्हणजे त्या वेळेत काउंटर दुसऱ्याच्या ताब्यात असणं.

हा अर्धा तास वरून कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथल्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात या दोन्ही गोष्टी आल्या. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या आसपास आजही मुली उभ्या उभ्या जेवतात, याचा मला मनापासून राग येतो.

बसण्याचंही तुम्ही विचारलंय, की दोन मिनिटं टेकलं तरी मॅनेजर ओरडतो. केरळमध्ये हाच प्रश्न कापड दुकानांतल्या बायकांनीच उचलला. कोळिकोडच्या पी. विजी, ज्या स्वतः शिवणकाम करायच्या, त्यांनी या बायकांना एकत्र केलं. २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात बसायची सोय देणं बंधनकारक झालं, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसं केलं. आपल्याकडे मागणीपत्रात "दर काउंटरमागे दोन स्टुलं" एवढी एक ओळ घाला. खर्च नगण्य आहे, बहुतेक ठिकाणी मान्य होते.

आणि पाणी. तुम्ही लिहिलं नाही, पण मला खात्री आहे की तुमच्याकडच्या मुली पाणी कमी पितात, कारण लघवीला जायचं तर विचारून जावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे चाळीस-बेचाळीसच्या वर पारा जातो. उन्हाळी लागते, जंतुसंसर्ग होतो, मग दवाखाना. विश्रांतीच्या मागणीत ही गोष्ट लाजून गाळू नका. बीडमध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ऊसतोडीत एक दिवस चुकला की खाडा धरतात, पैसे कापतात. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे कारण त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं. विश्रांती मागता येत नाही तिथे बाई शेवटी स्वतःच्या शरीरातूनच सोडवणूक शोधते. दुकानातली परिस्थिती तितकी भीषण नाही हे मला कळतं, पण "जरा सहन करा" हे वाक्य दोन्हीकडे तेच असतं.

बाळ असलेल्या ताईंना वेगळा हक्क आहे. आधी मातृत्व लाभ कायद्यात असलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या तरतुदीप्रमाणे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्यांना रोज दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी मिळते, आणि ती जेवणाच्या सुट्टीच्या वर. ती जेवणातून वळती करता येत नाही, त्यासाठी पगारही कापता येत नाही. त्यांच्या बाळाचा जन्मदाखला जोडून वेगळा अर्ज द्या. तो लवकर निकाली निघतो, शक्यतो आधी तोच द्या.

आता करायचं काय. एकट्याने मालकासमोर उभं राहू नका. एकटा बोलला तर त्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणतात, आणि कायदा आपल्या बाजूने असूनही घरात पगार यायचा थांबतो. सात-आठ जण तरी मिळून जा. वेळही बघून निवडा : लगीनसराई सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी. तेव्हा हात शिकलेला माणूस मालकाला सोडवत नाही. जाताना तक्रार घेऊन जाण्यापेक्षा वेळापत्रक घेऊन जा. तुम्ही पंचवीस जण असाल तर आठ-आठच्या तीन पाळ्या पडतात : एक वाजता, दीडला, दोनला. संध्याकाळी पुन्हा साडेपाच, सहा, साडेसहा. एक जण वरचा उरतो, तो कुठेही बसतो. बस्ता मधे असेल तर शेजारच्या काउंटरवाल्याने हातात घ्यायचा. मालकाचा खरा आक्षेप "काउंटर रिकामं पडेल" हा असतो, कागदावर ते पडत नाही हे दिसलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आमच्या ओळखीच्या एका दुकानात असंच झालं, कामगार कार्यालयात जावंच लागलं नाही.

नाही जमलं तर पुरावा लागेल, म्हणून आजपासूनच सुरुवात करा. खिशात एक छोटी वही ठेवा, रोज कामाला लागल्याची वेळ, जेवायला मिळालं की नाही, सुटल्याची वेळ. बऱ्याच दुकानांत मस्टरवर "विश्रांती १.३० ते २" असं आधीच छापलेलं असतं आणि महिनाअखेर सगळ्यांच्या सह्या घेतात. सही करायचं टाळता येत नसेल तर निदान त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि वही तुमची खरी ठेवा. मॅनेजर दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज गर्दी आहे, कुणी जेवायला जाऊ नका" असं टाकत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट सगळ्यांत मोलाचे.

तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यायची. दुकानांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला २०१७ च्या कायद्यात "सुविधाकार" म्हटलंय, त्यांच्या नावाने अर्ज करा. अर्जात दुकानाचं नाव-पत्ता, कामगारांची संख्या, सुरू-बंद होण्याची वेळ, विश्रांती मिळत नाही हे, आणि जादा तासांची मागणी, एवढंच लिहा. मालक कसा बोलतो, कुणाला काय शिवी दिली, हे त्यात घालू नका, त्यासाठी वेगळा कागद करा. सह्या गोल रिंगणात घ्या, म्हणजे पहिलं नाव कुणाचं हे दिसत नाही. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि ती प्रत दुकानात न ठेवता कुणाच्या तरी घरी ठेवा.