अठरा पूर्ण झाली, आता पुढे? संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

बालगृहात किंवा नातेवाइकांकडे वाढलेल्या आणि नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलामुलींचे, त्यांच्या जवळच्या माणसांचे हे प्रश्न आहेत. सगळे ठाणे आणि नवी मुंबईतले. पैशांची अडचण सगळ्यांनाच आहे, पण वाचताना जाणवतं की बहुतेकांचं घोडं त्याआधी कागदांवरच अडलेलं आहे. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे.

प्रश्न : मी ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात राहते. पाच महिन्यांनी मला अठरा पूर्ण होतील. ताई म्हणतात, काळजी करू नकोस, सगळं होईल. पण मी स्वतः काय काय मागून घेऊ?

पाच महिने हातात आहेत हे फार चांगलं आहे. संस्थेत असताना एका सहीने होणारं काम बाहेर पडल्यावर चार फेऱ्या घेतं, कारण तोवर अधीक्षक बदललेले असतात आणि फाइल कपाटात मागे गेलेली असते.

सगळ्यांत आधी बाल कल्याण समितीचे आदेश. तुला दाखल करतानाचा, मधल्या बदलीचा असेल तर तो, आणि सोडतानाचा. या प्रत्येकाची शिक्का-सहीची प्रत घे. मार्कलिस्ट सगळे सांभाळतात, हे आदेश कुणी मागत नाही, आणि पुढे अनाथ प्रमाणपत्रापासून अनुरक्षणाच्या, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराच्या, मदतीपर्यंत सगळीकडे तेच विचारले जातात.

मग आधार. त्यात तीन गोष्टी तपास. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा नोंदवावे लागतात. ते राहिलं असेल तर बँकेत किंवा सिमकार्डाच्या दुकानात ठसा जुळत नाही. दुसरं, आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडला आहे? बऱ्याचदा तो संस्थेतल्या कर्मचाऱ्याचा असतो. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की तुझा प्रत्येक ओटीपी तिच्या फोनवर जाणार. आधार केंद्रावर स्वतः गेलीस तर नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त ठसा आणि थोडं शुल्क. तिसरं, नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कलिस्टवर जसं आहे तसंच आधारवर करून घे, उलटं करू नकोस. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे घाईने चुकीचं छापून घेऊ नकोस. पत्ता लगेच बदलायची गरज नाही. संस्थेचा पत्ता असू दे, मात्र बँकेचं एटीएम कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर जाईल हे लक्षात ठेव आणि कार्ड शाखेतूनच हातात माग.

बँक खातं अधीक्षकांच्या पालकत्वाखाली उघडलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्यातले व्यवहार थांबतात. आधार, पॅन, फोटो आणि नवी सही देऊन ते सज्ञान खातं करून घ्यावं लागतं. शक्य असेल तर वाढदिवसाच्या आठवड्यातच जा. अज्ञान असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, म्हणून दुरुस्तीच्या फॉर्मवर ते नव्याने मागवावं लागतं. तुझ्या नावावर मुदत ठेव असेल तर पावती, तिची मुदत आणि शाखा लिहून घे.

आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच करायला लाव. तो संस्थेमार्फत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात, म्हणजे दोन कार्यालयांचा वेळ धरावा लागतो. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण (२०१८ पासून लागू) आणि २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी, दोन्ही या एका कागदावर मिळतं. प्रवेशाच्या हंगामात धावपळ करून ते हातात पडत नाही. आई किंवा वडील हयात असतील तर हे प्रमाणपत्र मिळणार नाही. त्याच्या भरवशावर कॉलेज ठरवू नकोस.

शेवटी दवाखान्याची फाइल. रक्तगट, जुने आजार, ॲलर्जी, लसी. फिटचं किंवा थायरॉईडचं औषध रोज चालू असेल तर निदान महिनाभराचं बरोबर घे आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठीसुद्धा.

सगळ्या कागदांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेव. मूळ कागद नोकरी लावून देणाऱ्या कुणाकडेही 'जमा' करायचे नाहीत.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे. वर्षापूर्वी संस्था सोडली, आता दिव्याला मित्रांसोबत राहतो, महापेला कंपनीत कंत्राटी काम करतो. सरकारकडून महिन्याला पैसे मिळतात असं आता कळलं. वेळ गेली का?

नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अनुरक्षणाची तरतूद आहे ती संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या तरुणांसाठीच. विशेष परिस्थितीत ती २३ पर्यंत वाढवता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिन्याला ४,००० रुपये दिले जातात. पण ते आपोआप खात्यात येत नाहीत, अर्ज आणि मंजुरी लागते. मागच्या वर्षाचे पैसे मिळतील असं धरून चालू नकोस, आणि याच कारणाने आता एकही महिना घालवू नकोस.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, आणि एक प्रत बाल कल्याण समितीला. तुझी शेवटची संस्था ज्या जिल्ह्यात होती तिथून सुरुवात कर, कारण फाइल तिथे आहे. सोबत जोडायचं ते असं: जन्मतारखेचा पुरावा, समितीचा सोडतानाचा आदेश, आधार, पासबुकाचं पहिलं पान, कामाचा किंवा शिक्षणाचा पुरावा. यांच्या जोडीला एक साधं पान स्वतःच्या हाताने लिही. पुढच्या दोन वर्षांत काय शिकायचं आहे, महिन्याला खोली, जेवण, पास आणि फी यांवर किती खर्च होतो, हातात किती येतात. नुसतं 'मदत मिळावी' असं लिहिलेल्या अर्जापेक्षा आकडे मांडलेला अर्ज मंजुरीसाठी पुढे ठेवायला सोपा असतो.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस. 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हटलं तर आवक-जावक विभागात दे. महिन्याभरात काहीच कळलं नाही तर त्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खातं आधारशी जोडलेलं असतं, पण सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठीचं सीडिंग झालेलं नसतं, किंवा ते जुन्या बंद खात्यावर असतं. शाखेत जाऊन 'आधार सीडिंग या खात्यावर करा' असं सांगून फॉर्म भर.

आणखी एक. कंत्राटी कामात पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली (ईएसआयसी) येत असेल तर पगारातून ०.७५ टक्के कापून विमा क्रमांक मिळायला हवा. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते पण क्रमांक दिलेला नाही, असं असेल तर तो मागून घे. एकट्या राहणाऱ्याला आजारपणात हाच आधार असतो.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. बहीण आणि तिचे यजमान दोघंही २०२१ मध्ये कोविडने गेले, तेव्हापासून भाचा माझ्याकडे आहे. राज्याच्या बाल संगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळत होते. त्याला अठरा झाल्यावर ते बंद झाले. आता अनुरक्षणाचे मिळतील का?

नाही मिळणार. अनुरक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे, घरात वाढलेल्यांसाठी नाही. पण तुमच्या भाच्याचे दुसरे हक्क आहेत आणि ते मोठे आहेत.

कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलांसाठीच्या पीएम केअर्स योजनेत त्याचं नाव नोंदलेलं असेल तर अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये मिळतात. या योजनेच्या पोस्टातल्या खात्याची सज्ञान म्हणून केवायसी झाली का, हे आधी बघा. राज्य सरकारने अशा मुलांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवली आहे, ती एकविसाव्या वर्षी मिळते. तिच्या पावतीची प्रत मागून घरात ठेवा. अनाथ प्रमाणपत्रही त्याला मिळू शकतं, 'संस्थाबाह्य' या गटात, आणि आरक्षण व शुल्कमाफी त्यालाही लागू आहे. त्यासाठी दोघांचे मृत्यूचे दाखले लागतील.

पत्त्याने नवी मुंबई असलं तरी खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. तुमचं जिल्हा महिला व बालविकास कार्यालय अलिबागला आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे लोक ठाण्याला जातात. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज महिनोन् महिने पडून राहतो.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी एकाच संस्थेतल्या. घणसोली किंवा रबाळेला खोली शोधतोय. सोसायटीवाले 'आई-वडिलांना घेऊन या' म्हणतात. गावठाणात एक जण बिनाकागदाची खोली द्यायला तयार आहे. घ्यावी का?

बिनाकागदाची घेऊ नका. भाडं कमी दिसतं, पण डिपॉझिट रोख जातं, पावती नसते, आणि आठ दिवसांच्या नोटिशीवर बाहेर काढलं तर दाखवायला हातात काही नसतं. शिवाय त्या पत्त्यावर आधार, बँक, गॅस काहीच होत नाही. गावठाणातली खोली वाईट असते असं नाही. कागद करून मिळत असेल तर जरूर घ्या.

अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःच्या सहीने करार करता येतो, आई-वडिलांची सही कायद्याने लागत नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी महाराष्ट्रात घरमालकावर आहे. करारात चौघींचीही नावं घाला. एकीच्याच नावावर केला आणि ती सोडून गेली तर बाकीच्या तिघी पाहुण्या ठरतात.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,००० रुपये, करार ११ महिन्यांचा. स्टॅम्प ड्यूटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते, म्हणजे चारशेपर्यंत. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. यापलीकडे एजंट जे मागेल ती त्याची फी, ती आधी विचारून घ्या. प्रत्येकीच्या वाट्याला पहिल्या महिन्यात डिपॉझिटचे १२,५०० आणि भाड्याचे ३,००० असे साडेपंधरा हजार येतात, वर एजंटची दलाली. एवढी रक्कम आधी हातात हवी. म्हणून संस्था सोडण्याच्या दिवशी खोली शोधायला लागू नका. तोवर अनुरक्षण गृहात किंवा नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा आहे का, हे संस्थेच्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) विचारा.

डिपॉझिट यूपीआयने किंवा बँकेतून द्या. किल्ली घेताना विजेच्या मीटरच्या आकड्याचा, नळांचा आणि भिंतींचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोडताना 'रंग खराब केला' म्हणून पैसे कापतात, तेव्हा हेच फोटो बोलतात. गॅस कनेक्शनला पत्ता लागतो, पण पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे संस्थेतलं बालपण सांगायलाच हवं असं नाही. नोकरीचं पत्र, पोलीस पडताळणी आणि एका ओळखीच्या मोठ्या माणसाचा फोन नंबर, एवढं पुरेसं असतं.

प्रश्न : रूममेटच्या ओळखीचा एक जण माझं बँक खातं आणि एटीएम 'व्यवसायासाठी' मागतोय, महिन्याला पाच हजार देईन म्हणतो. कंपनीचा टॅक्स वाचवायचा आहे, असं सांगतो.

देऊ नकोस. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती वापरली जातात. संस्थेतून आलेल्या मुलांना मुद्दाम हेरतात, कारण खातं नवं असतं, पैशांची नड असते आणि विचारायला घरी कुणी नसतं. तक्रार झाली की खातं गोठतं, पगार त्यात अडकतो, आणि पोलीस आधी तुझ्याकडे येतात कारण नाव तुझं.

कार्ड किंवा सिम आधीच दिलं असेल तर आजच बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद कर, शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घे. खात्यात अनोळखी रकमा आल्या असतील तर त्या काढू नकोस आणि कुणी सांगितलं म्हणून 'परत'ही पाठवू नकोस. सायबर मदतवाहिनी १९३० वर कळव. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तुझ्या नावाने किती सिम चालू आहेत ते दिसतं, अनोळखी असेल ते तिथूनच कळव. पोलिसांची नोटीस आली तर एकटा जाऊ नकोस. ठाणे न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो.

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहणारं निवृत्त जोडपं. संस्थेतून आलेल्या एका मुलाला आधार द्यायचा प्रयत्न करतो. वर्षात त्याने तीन नोकऱ्या सोडल्या, पगार दहा तारखेला संपतो, रागावलं की फोन उचलत नाही.

रागावणं आधी थांबवा. ज्याने आयुष्यभर घंटेवर जेवण आणि यादीवर साबण घेतला, त्याच्या हातात एकदम महिन्याचा पगार पडला तर तो दहा दिवसांत संपणारच. यात बेफिकिरी नाही, सवयीचा अभाव आहे. पगार झाल्या दिवशीच भाडं आणि खानावळ भरून टाकायची, उरलेले चार भागांत वाटायचे आणि दर सोमवारी एकच भाग खर्चाच्या खात्यात घ्यायचा. तीन-चार महिने हे त्याच्यासोबत बसून करा. हिशेब तपासू नका, त्याला मांडू द्या.

नोकरी का सोडली ते कारण नेमकं विचारा. बारा तासांची पाळी, थकलेला पगार, 'अनाथ' म्हणून मारलेला टोमणा, प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. फोनचा एक वार ठरवा, समजा रविवारी संध्याकाळी, आणि त्याने नोकरी सोडली असली तरी तो फोन चुकवू नका. दिवाळीत खानावळी बंद असतात आणि खोलीतले बाकीचे गावी जातात. ते चार दिवस त्याला जेवायला बोलवा, आणि आठवडाभर आधी सांगा. झोप उडाली, जगण्याबद्दल निराशेचं बोलू लागला, तर सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, टेलिमानस १४४१६ वर, मराठीतून बोलता येतं. धोका वाटला तर थांबू नका, ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात सोबत जा. त्याच्या पाकिटात तुमचा नंबर आणि त्याचा रक्तगट लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सज्ञान असल्याने उपचाराची संमती तोच देईल, पण रुग्णालयात 'नातेवाईक कोण?' हा प्रश्न येतोच.

प्रश्न : मतदार नोंदणीत वडिलांचं नाव काय लिहू?

नमुना ६ मध्ये अनाथ अर्जदारासाठी कायदेशीर पालकाचं नाव देण्याची सोय आहे, तो पर्याय निवड. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला नसेल तर संस्थेच्या प्रमुखांचं लेटरहेडवरचं, जन्मतारीख नमूद केलेलं पत्र चालतं. तेही संस्था सोडण्याआधीच घेऊन ठेव.