परदेशी गेल्यावर पीएफचं काय करायचं?

प्रश्न : पुण्यातल्या कंपनीत सात वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी कायमचा जर्मनीला आलो. पीएफ तसाच पडून आहे. राहू द्यावा की काढावा?

उत्तर : काढायचा असेल तर आधी भारतातलं सिम जिवंत ठेवा. दाव्याच्या वेळी ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच येतो आणि आधारमधला नंबर परदेशातून बदलणं सोपं नसतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. नंबर बंद झाला असेल, तर पुढच्या भारतभेटीत पहिलं काम हेच.

मग यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख तपासा. कंपनीने ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मधून स्वतः भरता येते. ती रिकामी असली, की अंतिम रकमेचा अर्जच पुढे सरकत नाही. पीएफसाठी फॉर्म 19 भरा. पेन्शनच्या रकमेसाठी, सेवा दहा वर्षांहून कमी असल्याने, 10सी. नुसता 19 भरून पेन्शनचे पैसे विसरणारे पुष्कळ असतात.

खातं ठेवलंत तरी व्याज कायम मिळत नाही. कायमचं स्थलांतर केल्यावर 36 महिन्यांत अर्ज न केल्यास खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. सलग पाच वर्षांची सेवा झाल्याने नोकरीतली जमा रक्कम भारतात करमुक्त. नोकरी सोडल्यानंतरचं व्याज मात्र करपात्र. जर्मनीतला कर तिथल्या सल्लागाराला विचारूनच ठरवा.