विनिपेग ग्रेनेडियर्स: हाँगकाँगला शरण गेलेली पलटण 1943 मध्ये किस्का बेटावर कशी?

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच गाठीत मीही अडकलो होतो. तुमच्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत लष्कराचं पगाराचं पुस्तक मिळालं. त्यावर 'विनिपेग ग्रेनेडियर्स' (कॅनडाच्या सैन्यातली पलटण) आणि एच अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे. सोबतच्या फोटोमागे 'किस्का, ऑगस्ट 1943' असं लिहिलंय (किस्का म्हणजे अलास्काकडचं एक बेट). चौकशी केली तर उत्तर आलं की ही पलटण 25 डिसेंबर 1941 ला हाँगकाँगमध्ये जपान्यांना शरण गेली, म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाचा असणार. तो फोटो बाजूला टाकू नका. पुस्तक आणि फोटो दोन्ही खरे असू शकतात.

त्या नावाची पहिली बटालियन दोनदा उभी राहिली. पहिली मे 1940 पासून जमैकात पहाऱ्यावर होती. तिथून परतल्यावर 27 ऑक्टोबर 1941 ला ती व्हँकुव्हरहून निघाली आणि 16 नोव्हेंबरला हाँगकाँगला पोचली. 'सी फोर्स' म्हणतात ती हीच तुकडी, 'रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा' ही दुसरी पलटण धरून 1,975 जणांची. त्यांच्या 212 गाड्या मागून दुसऱ्या जहाजाने निघाल्या आणि हाँगकाँगला कधीच पोचल्या नाहीत. ही बटालियन कैदेत गेल्यावर 1942 च्या सुरुवातीला कॅनडात त्याच नावाने नवी बटालियन भरली. तेराव्या कॅनेडियन इन्फंट्री ब्रिगेडमधून ऑगस्ट 1943 मध्ये किस्कावर उतरली ती ही. जपानी तिथून जुलैअखेरीसच निसटले होते. पुढे मे 1944 मध्ये ही बटालियन ब्रिटनला गेली आणि तिथे प्रशिक्षणाच्या कामाला लागली.

आपल्याकडे 'मराठा लाइट इन्फंट्री' म्हटलं की कोणती बटालियन ते विचारावंच लागतं. एक इटलीत, दुसरी आणखी कुठे. इथेही तसंच आहे, फक्त दोन्ही वेळा आकडा 'पहिली' असाच असल्याने विचारायचं कुणाला सुचत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: अर्जात फक्त रेजिमेंटचं नाव लिहायचं. माझे आठ महिने यात गेले. एका स्थानिक कार्यालयाने (नाव घेत नाही) हाँगकाँगची यादी उघडली, त्यात नाव सापडलं नाही आणि 'नोंद नाही' असं छापील पत्र पाठवून दिलं. फेरतपासणी मागितली तेव्हा तीच यादी पुन्हा पाहिली. 'नोंद नाही' आणि 'आम्ही पाहिलेल्या यादीत नाही' यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि घरातल्या माणसाचा माग काढणाऱ्याला तो फरक सांगणं हे त्यांचं कामच आहे. याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून कुठलंही नकाराचं पत्र आलं की आधी विचारा: कोणती यादी पाहिली, कोणत्या काळाची, क्रमांकावरून की आडनावावरून? आणि तुमच्या अर्जात पहिल्याच ओळीत सेवा क्रमांक, भरतीची तारीख आणि 'जानेवारी 1942 नंतरची बटालियन' हे शब्द येऊ द्या. रेजिमेंटचं नाव त्याखाली.

क्रमांकाबद्दल एक सावधगिरी. एच म्हणजे ग्रेनेडियर्स असं नाही. एच हा मॅनिटोबाकडच्या लष्करी जिल्ह्याचा शिक्का आहे. सस्कॅचेवानचा एल, टोरोंटोचा बी. माणूस भरती कुठे झाला एवढंच त्यावरून कळतं. नंतर तो कुठल्याही पलटणीत जाऊ शकतो आणि क्रमांक तोच राहतो.

पदकांच्या कडेवर नाव शोधत बसू नका. दुसऱ्या महायुद्धातली कॅनडाची पदकं कोरीच वाटली गेली. (पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, नाव, पलटण सगळं असतं, तिथे काम सोपं.) तरी संच पूर्ण असेल तर तो बोलतो. हाँगकाँगला लढलेल्याच्या संचात पॅसिफिक स्टार हवा. कॅनेडियन व्हॉलंटियर सर्व्हिस मेडलच्या फितीवर मेपलच्या पानाची पट्टी असेल तर देशाबाहेर किमान 60 दिवस सेवा झालेली. त्याच पदकावर 'हाँगकाँग' अशी वेगळी पट्टी 1990 च्या दशकात मिळू लागली, त्यामुळे जुन्या संचात ती नसली तरी निष्कर्ष काढू नका. आणि पदकं घासूनपुसून चकचकीत करू नका, कॅनडाचं वॉर मेडल चांदीचं असतं, नक्षी झिजते.

मूळ सेवा फाइल 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा'कडे मागायची. युद्धात मरण पावलेल्यांच्या फाइली खुल्या आहेत. आजेसासरे युद्धातून परतले, म्हणून त्यांची बंद असणार. निधन होऊन 20 वर्षं उलटली असतील तर मृत्यूचा पुरावा पुरतो. त्याहून कमी झाली असतील तर नात्याचा पुरावाही लागतो, आणि तो तुमच्या नव्हे, तुमच्या यजमानांच्या नावाने जोडा. नातू म्हणून त्यांचं नातं कागदावर सरळ दिसतं. मी वकील नाही, अर्जाच्या दिवशी नियम पुन्हा वाचून घ्या.

घरातलं कुणी 'आधीच्या महायुद्धातही आपलं माणूस ग्रेनेडियर्समध्ये होतं' असं म्हणालं तर आणखी एक फसवा आकडा आहे. 1908 साली ही रेजिमेंट 'शंभरावी' म्हणून निघाली. पण पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढली ती 78 वी बटालियन, तिचे सेवा क्रमांक 147001 पासून. 'शंभरावी बटालियन' वेगळी होती. ती 1916 मध्ये ब्रिटनला पोचली आणि तिची माणसं राखीव बटालियनमध्ये वाटली गेली. शंभराच्या आकड्याला धरून आघाडीवरची रोजनिशी शोधाल तर हाती काही लागणार नाही.

आणि समजा क्रमांकाने शेवटी हाँगकाँगच निघालं, तर हाँगकाँग व्हेटरन्स कमेमोरेटिव्ह असोसिएशनने सी फोर्समधल्या प्रत्येकाचं स्वतंत्र पान केलंय, तिथून सुरुवात करा. कैदेतल्यांपैकी अनेकांना 1943 पासून जपानमध्ये मजुरीला नेलं. तिथे मरण पावलेल्यांच्या कबरी योकोहामाला आहेत, त्यामुळे एकट्या हाँगकाँगमधल्या साई वान दफनभूमीच्या यादीवर थांबू नका. त्या लढाईची बटालियनची जी रोजनिशी मिळते ती बंदिवासात पुन्हा जुळवलेली आहे. दिवस धरून चाला, तास-मिनिटांवर फार विसंबू नका.

पगाराच्या पुस्तकाच्या आतल्या पानांवर बदलीच्या तारखा असतील. त्यातली 1942 ते 1944 ची पानं सावलीत, फ्लॅश न वापरता टिपून इथे टाका, पण सेवा क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे झाकून. तारखा दिसल्या की बटालियन कोणती ते लगेच सांगता येईल.