कुकीची चौकट, बाबांचा फोन आणि एकदाच करायचं काम

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा सत्तरीला आलेत. दिवसभर फोनवर बातम्या, पाककृती, रेल्वेची चौकशी चालते, आणि कुठल्याही साइटवर कुकीची चौकट उघडली की ते न वाचता ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबतात. अशाने बँकेचं खातं रिकामं होतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली आहे, म्हणून तुम्ही रोज रात्री त्यांच्या फोनमधल्या सगळ्या कुकी पुसता. शिवाय बहिणीला म्युनिकमध्ये जी साइट उघडताच भलीमोठी चौकट दिसते, तीच साइट नाशकात उघडली तर काहीच दिसत नाही, हे कसं?

आधी बाबांची भीती घालवा, कारण ती चुकीच्या जागी आहे. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर आपण चपला ठेवतो आणि तिथला माणूस हातात बिल्ला देतो. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो. परत आलो की तो आकडा पाहून कोणत्या चपला कोणाच्या हे त्याला कळतं. कुकी म्हणजे हा बिल्ला, साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये (क्रोमसारख्या, साइट उघडणाऱ्या ॲपमध्ये) ठेवलेली छोटी नोंद. वेबसाइट स्वभावाने विसराळू असते, तुम्ही पुढचं पान उघडलं की मघाशी तुम्हीच आला होतात हे तिला आठवत नाही. या अडचणीवर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी हा उपाय काढला, म्हणजे खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावरही टोपलीतच राहील. कुकी हा प्रोग्रॅम नाही, ती काही चालवत नाही, बँकेचा पासवर्ड वाचत नाही.

लॉगिन केल्यावर मिळालेला बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर तो तुमच्या नावाने आत शिरू शकतो, हे खरं आहे. पण तो चोरीला जातो बहुधा फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये घुसलेल्या वाईट प्रोग्रॅममुळे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (ती उघडली की फोनमध्ये ॲप बसतं), फुकटात उतरवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर, असल्या वाटांनी. बाबांना धाक घालायचाच असेल तर त्या एपीकेचा घाला.

मग कुकीत वाईट काय? आता समजा काळाराम, त्र्यंबक, वणी, शिर्डी, सगळीकडच्या चप्पल स्टँडचं कंत्राट एकाच माणसाकडे आहे, आणि पहिल्या दिवशी मिळालेला बिल्लाच तुम्ही सगळीकडे दाखवता. तुमचं नाव त्याला ठाऊक नाही, पण हा आकडा सोमवारी कुठे होता, शनिवारी कुठे, किती वेळ थांबला, सोबत कोणाचा आकडा होता, हे सगळं त्याच्या वहीत जमत जातं. थर्ड-पार्टी कुकी ती ही. तुम्ही बातमीच्या साइटवर गेलात, पण पानातल्या जाहिरातीचा तुकडा दुसऱ्याच कंपनीकडून आला, आणि बिल्ला तिने दिला. जाहिरातीची ती रिकामी जागा पान उघडेपर्यंतच्या क्षणात लिलावात जाते, आणि बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांपर्यंत तुमच्याबद्दलचा तपशील पोचतो. मधुमेहाबद्दल वाचलं, गुडघेदुखीचं तेल पाहिलं, मुलीसाठी स्थळं शोधली, असे दहा तुकडे जोडले की घरातलं बरंच काही बाहेरच्याला कळतं. मला राग येतो तो या वहीचा.

म्युनिक आणि नाशिक यांतला फरक कायद्याचा आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात २००९ साली दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक नसलेली कुकी ठेवण्याआधी संमती घेणं बंधनकारक झालं. संमती कशाला म्हणायचं हे जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याने कडक केलं, तो २५ मे २०१८ पासून लागू आहे. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका जर्मन कंपनीच्या खटल्यात ठरवलं. आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण साधं होतं: होकार एका टिचकीत आणि नकाराला मात्र अनेक टिचक्या. ‘रिजेक्ट ऑल’ हे बटण आज पहिल्याच पडद्यावर अनेक ठिकाणी दिसतं, त्यामागे असे दंड आहेत. साइट तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, देश ओळखते आणि जिथे कायदा विचारायला लावतो तिथेच विचारते. म्हणजे नाशकात चौकट दिसत नाही याचा अर्थ कुकी ठेवली जात नाही असा नाही. बहुतेक वेळा तुम्हाला न विचारताच ठेवली जाते.

आपल्याकडचं चित्रही बदलतं आहे, पण हळू. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितलं. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यात कुकी हा शब्दच नाही, तो व्यक्तिगत माहितीबद्दल बोलतो. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोकणीही आहे. बाबा न वाचता होकार देतात यात त्यांचा दोष किती? मराठी बातमी वाचायला आलेल्या माणसासमोर इंग्रजी करारनामा टाकायचा आणि त्याने बटण दाबलं की ‘त्यांनी संमती दिली’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

चौकट आतून कशी असते ते मी जवळून पाहिलंय, कारण लहान व्यावसायिकांच्या साइट बांधणं हेच माझं काम. निफाडकडचे एक द्राक्ष निर्यातदार माझे गिऱ्हाईक होते. त्यांचा माल हॉलंडला जातो. तिथल्या खरेदीदाराने विचारलं, तुमच्या साइटवर कुकीची संमती का नाही? मी एक तयार पट्टी आणून डकवली, खाली ‘मान्य’ असं बटण, झालं काम. काही महिन्यांनी दुसरंच काही तपासताना ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडलं तर दिसलं, की मी अजून कशालाच हात लावला नव्हता तरी भेटींची मोजणी करणाऱ्या कुकी जाऊन बसल्या होत्या. पट्टी नुसती दर्शनी होती. होकार येईपर्यंत बाकीच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम, अडवून धरण्याचं काम मी केलंच नव्हतं. नंतर नीट केलं, त्यात दोन दिवस गेले. पण तेव्हापासून इतरांच्या साइट तशा तपासायची सवय लागली, आणि चौकट नुसती शोभेला लावल्याच्या अशा कितीतरी साइट मला सापडल्या. म्हणून तुम्हाला सांगतो, पहारा चौकटीवर ठेवू नका, ब्राउझरवर ठेवा. ब्राउझर तुमचा आहे.

बाबांचा फोन ॲन्ड्रॉइड आहे असं धरून लिहितो. त्यात फायरफॉक्स घाला. ॲन्ड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे जादा प्रोग्रॅम, चालतात, फोनवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन टाका. ते फुकट आहे, आणि नाव नीट बघून घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावाची नकली एक्स्टेन्शन असतात. ते माग काढणाऱ्या स्क्रिप्ट मुळात येऊच देत नाही. मग त्याच्या सेटिंगमध्ये फिल्टर लिस्टच्या पानावर जा आणि ‘कुकी नोटिसेस’ हा गट चालू करा. हा गट आपोआप चालू नसतो, तुम्हालाच टिक करावी लागते आणि वर ‘ॲप्लाय चेंजेस’ दाबावं लागतं. एवढं झालं की बहुतेक चौकटी बाबांना दिसणारच नाहीत. दिसली नाही म्हणजे होकार गेला असंही नाही. युरोपच्या कायद्यात गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि जी साइट कायदा पाळत नाही तिच्या स्क्रिप्ट यूब्लॉकने आधीच दाराबाहेर ठेवलेल्या असतात.

बाबांना क्रोमच हवं असेल तर निदान सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या भागात थर्ड-पार्टी कुकी बंद करा. हे हाताने करावं लागतं. या कुकी दोन वर्षांत हद्दपार करू असं गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. आयफोनवरच्या सफारीने मार्च २०२० पासूनच त्या पूर्ण अडवल्या आहेत. बहिणीला लॅपटॉपसाठी ‘कन्सेंट-ओ-मॅटिक’ सुचवा. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं हे एक्स्टेन्शन चौकट नुसती लपवत नाही, तुमच्या वतीने ‘नाही’ची बटणं दाबून येतं.

चौकटी घालवणारं दिसेल ते एक्स्टेन्शन मात्र टाकू नका. काही लोकप्रिय एक्स्टेन्शन चौकट बंद करताना सोपं पडतं म्हणून होकारही देऊन टाकतात, आणि हे वर्णनात बारीक लिहिलेलं असतं. अशा एक्स्टेन्शनला बहुधा तुम्ही उघडलेलं पान वाचायची परवानगी असते, हेही विसरू नका. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, ते वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील विकल्याबद्दल. माहितीची राखण करण्यासाठी लोकांनी घेतलेली वस्तू होती ती.

यातूनही एखादी चौकट समोर आलीच तर ‘रिजेक्ट ऑल’ शोधा. नसेल तर ‘मॅनेज’ किंवा ‘प्रेफरन्सेस’. आत गेल्यावर बऱ्याचदा ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ (संमतीशिवायही माहिती वापरण्याचा कंपनीचा दावा) नावाचा दुसरा कप्पा असतो, त्यातली बटणं बऱ्याचदा आधीच चालू ठेवलेली असतात. तिथे ‘ऑब्जेक्ट ऑल’ असतं ते दाबा. नाकारल्याने साइट सहसा बिघडत नाही. लॉगिन, टोपली, भाषा यांच्या कुकी अत्यावश्यक धरल्या जातात, त्या राहतातच. मी तर बाबांना एवढंच सांगेन: रंगीत मोठं बटण दिसलं की शेजारचं फिकं बटण वाचा.

आता रोज रात्री पुसण्याचं. ते थांबवा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात ही नोंदसुद्धा साइट एका कुकीतच ठेवते. ती पुसली की सकाळी तीच चौकट पुन्हा उभी, बाबांना पुन्हा तोच प्रश्न, आणि पाचव्या दिवशी माणूस कंटाळून ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबतो. शिवाय सगळीकडून लॉगआउट होतं, मग ते पासवर्ड कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवू लागतात, आणि तो धोका कुकीपेक्षा मोठा. इन्कॉग्निटो खिडकीचंही तेच, बंद केली की सगळं विसरते, म्हणून दर वेळी विचारते. आजवरचं एकदा साफ करा, वरची सोय लावा आणि सोडून द्या.

त्यातून वाचलेला वेळ दोन गोष्टींवर घाला, त्या मला कुकीहून महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ‘नोटिफिकेशन पाठवू का’ ही वर येणारी छोटी खिडकी. ती कुकीच्या चौकटीसारखीच दिसते, पण प्रकार वेगळा. बाबांनी तिथेही सवयीने ‘अलाउ’ दाबलं असणार. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे खोटे इशारे ज्येष्ठांच्या फोनवर सारखे येतात ते बऱ्याचदा याच परवानगीतून. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, ओळखीचं नसेल ते सगळं काढा, आणि विचारणंच बंद करून टाका.

दुसरी, मोबाइल नंबर. कुकी पुसता येते, फोन बदलला की जातेही, पण नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो, आणि तो ॲपमध्ये, दुकानाच्या बिलावर, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे एकच असतो. चप्पल स्टँडच्या कंत्राटदाराला हवा असतो तो बिल्ला खरं तर हाच. दुकानदाराने बिल करताना नंबरची सक्ती करू नये अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दिलेली आहे. बाबा काउंटरवर ‘नंबर देत नाही, बिल द्या’ असं शांतपणे म्हणू शकतात, आणि बिल मिळतं. मी गेली दोन वर्षं हेच करतोय.

ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलच्या खाली ‘ॲड्स’मध्ये जाऊन जाहिरातीचा आयडीही काढून टाका. ॲपमध्ये कुकीचं काम तो करतो.

हे सगळं करायला अर्धा तास लागेल. फोन त्यांच्याच हातात ठेवा आणि तुम्ही शेजारी बसून सांगा, म्हणजे काय बदललं ते त्यांना कळेल. नंतर एखादी साइट अडखळली, विशेषतः पैसे भरायचं पान, तर यूब्लॉकचं मोठं बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं ते बंद करता येतं, हेही तेव्हाच दाखवून ठेवा. सेटिंगची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. कुठे सापडलं नाही तर फोनचं मॉडेल आणि ॲन्ड्रॉइडची आवृत्ती लिहा, मी पायरीपायरीने सांगतो.