नोटाबंदीत भरलेली रोख, एकतर्फी आदेश आणि न्यायाधिकरणातील अपील

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची नरखेड तालुक्यात नऊ एकर जमीन असून तीत संत्र्याचा बगीचा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेत बारा लाख रुपयांच्या जुन्या नोटा भरल्या. आयकर अधिकाऱ्याने आयकर कायद्याच्या कलम १४४ खाली एकतर्फी आकारणी केली, म्हणजे वडिलांची बाजू न ऐकता कर ठरवला, आणि ती सगळी रक्कम कलम ६९अ प्रमाणे खुलासा न झालेला पैसा धरली. पहिले अपीलही फेटाळले गेले, कारण नोटिसा गावात रिटर्न भरून देणाऱ्या माणसाच्या ई-मेलवर जात राहिल्या आणि घरी कोणाला त्याचा पत्ताच लागला नाही. आता नागपूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणात जावे का, आणि इंटरनेटवर सापडणारे करदात्यांच्या बाजूचे निवाडे वडिलांना लागू होतील का, असे आपण विचारले आहे.

अपिलात अवश्य जावे, आणि मुदतीत जावे. निवाड्यांबद्दल मात्र माझे मत आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. मी गेली वीसहून अधिक वर्षे नागपुरात करविषयक कामे पाहतो आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक शेतकरी किंवा त्याचा मुलगा मोबाइलवर कुठला तरी निवाडा घेऊनच येतो. निवाडा कधी उपयोगी पडतो आणि कधी नाही, हे आधी समजून घेतले तर आपला वेळ आणि पैसा दोन्ही वाचेल.

कायद्याचा प्रश्न असेल तेथे निवाडा तारून नेतो. याचे उत्तम उदाहरण इथलेच आहे. शेतजमीन विकल्यावर ती भांडवली मालमत्ता ठरते की नाही, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर कर लागतो की नाही, हे पालिकेच्या हद्दीपासून तिचे अंतर किती यावर अवलंबून असते. हे अंतर रस्त्याने मोजायचे की हवाई, यावर वर्षानुवर्षे वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये सांगितले की हवाई अंतराची तरतूद आकारणी वर्ष २०१४-१५ पासूनच लागू होते, त्याआधी रस्त्याचेच अंतर धरले पाहिजे. प्रत्यक्ष कर मंडळाने ६ ऑक्टोबर २०१५ च्या परिपत्रकाने ते मान्य केले. त्यानंतर जुन्या वर्षांच्या अशा प्रकरणांत तो निवाडा आणि ते परिपत्रक दाखवले की मुख्य वाद तेथेच मिटत असे, कारण जमीन किती किलोमीटरवर आहे याबद्दल सहसा कोणाचे दुमत नव्हते.

आपल्या वडिलांचा प्रश्न तसा नाही. बारा लाख रुपये कुठून आले, एवढाच तो आहे, आणि त्याचे उत्तर जगातल्या कुठल्याही निवाड्यात सापडणार नाही. आपण ज्याचा उल्लेख केला आहे तो न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाचा २०२१ चा निवाडा गृहिणींनी नोटाबंदीच्या काळात भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेपुरता आहे. आईच्या खात्याचा वाद असता तर तो जरूर दाखवला असता. वडिलांच्या बारा लाखांना तो पुरणार नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतील एक सुनावणी मी विसरलेलो नाही. पक्षकार संत्रा उत्पादक होते आणि मी वीसेक निवाड्यांची सूची जोडलेली जाडजूड पेपर बुक, म्हणजे सुनावणीसाठी दाखल केलेल्या कागदांची बांधीव प्रत, घेऊन न्यायाधिकरणापुढे उभा होतो. निकाल देणाऱ्या सदस्यांनी सूची बाजूला सारली, सात-बारा उघडला आणि विचारले, "यात बगीचा किती एकर आहे?" मी जोडलेल्या प्रतीत मालकीचा भाग होता, पीकपाहणीचा, म्हणजे गाव नमुना बाराचा, नव्हता. पुढची तारीख मिळाली. पक्षकार स्वतः गावी जाऊन तलाठ्याकडून नमुना बारा घेऊन आले आणि त्यात चार एकर संत्रा अशी नोंद निघाली. प्रकरण त्या एका ओळीवर उभे राहिले. तेव्हापासून मी आधी कागद मागतो आणि निवाडे नंतर पाहतो.

आपल्या प्रकरणात कागद गोळा करताना एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्यावे लागेल. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून गेल्या. त्यामुळे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरमध्ये विकलेल्या आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या संत्र्याच्या, पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जोडून जुन्या नोटांचा खुलासा होत नाही, उलट विभागाचे प्रतिनिधी तोच मुद्दा पकडतील. पैसा त्या तारखेआधी हातात होता, हे दिसले पाहिजे. मृग बहाराचा, म्हणजे त्याआधीच्या हंगामाचा, माल साधारण फेब्रुवारी ते एप्रिल २०१६ मध्ये गेला असेल. आंबियाचा बगीचा व्यापाऱ्याला उभा विकला असेल तर त्याचा इसार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळाला असेल. या दोन्हींच्या चिठ्ठ्या, सौदापत्र आणि कळमना किंवा अन्य बाजार समितीत माल नेला असेल तर आडत्याच्या पट्ट्या शोधा. कार्बन कॉपीची निळी अक्षरे पुसट झाली असली तरी ती पट्टी टाकून देऊ नका. तीवरची हमाली, तोलाई आणि गाडीभाडे यांचे आडवेतिडवे आकडे, एखाद्या ओळीत साडेत्रेसष्ट रुपयेसुद्धा, सदस्यांना जो विश्वास देतात तो नंतर टाइप करून आणलेल्या गुळगुळीत दाखल्याने येत नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो : एप्रिलमध्ये मिळालेला पैसा नोव्हेंबरपर्यंत घरात का ठेवला? याला प्रामाणिक आणि ठोस उत्तर हवे. घरात लग्न ठरले होते, विहीर खोदायची होती, शेजारचे वावर घ्यायचे होते, जे खरे असेल ते शपथपत्रावर लिहा आणि त्याचा एखादा पुरावा जोडा. सोबत १ एप्रिल २०१५ पासूनचा रोखीचा हिशेब महिन्याप्रमाणे मांडा आणि त्यात घरखर्च, मजुरी, खते, फवारणी हे सगळे वजा करून दाखवा. खर्च न दाखवता नुसती विक्री मांडली की हिशेब कोणालाच पटत नाही. बारा लाखांपैकी नऊ लाखांचाच पुरावा जुळत असेल तर नऊच मांडावेत, असा माझा सल्ला राहील. ओढूनताणून जुळवलेले तीन लाख उरलेल्या नऊ लाखांवरचाही विश्वास घालवतात.

हे कागद खालच्या पायरीवर दिलेले नसल्याने ते नवा पुरावा ठरतात. न्यायाधिकरणाच्या १९६३ च्या नियमांतील नियम २९ खाली वेगळा अर्ज करून ते दाखल करण्याची परवानगी मागा आणि आधी का देता आले नाहीत हे त्यात स्वच्छ शब्दांत सांगा.

निवाडे खरोखर कामाला येतात ते पहिल्या अपिलाच्या आदेशाविरुद्ध. अपीलकर्ता हजर राहिला नाही एवढ्याच कारणाने पहिले अपील ऐकणाऱ्या आयुक्त (अपील) यांना ते फेटाळता येत नाही. मुद्दे, निर्णय आणि कारणे लिहूनच आदेश द्यावा लागतो, असे कलम २५०(६) सांगते आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते स्पष्ट केले आहे. या उच्च न्यायालयाचे निर्णय नागपूरच्या पीठावर बंधनकारक असल्याने हा मुद्दा भक्कम आहे. शिवाय पहिल्या अपिलाच्या अर्जात, म्हणजे फॉर्म ३५ मध्ये, नोटिसा ई-मेलवर पाठवाव्यात का, असा रकाना असतो. त्यात 'नाही' लिहिलेले असेल तर तो फॉर्म पेपर बुकच्या पहिल्या पानांत लावा.

अशा प्रकरणांत न्यायाधिकरण बहुधा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवते, कधी थोडा खर्चही भरायला लावते. अनेकांना हाच विजय वाटतो आणि ते घरी जाऊन निवांत होतात. मग पुन्हा नोटीस येते, पुन्हा उत्तर जात नाही, आणि दुसऱ्यांदा दया मागायला तोंड उरत नाही. आपले कागद पूर्ण असतील तर गुणवत्तेवर, म्हणजे पुराव्यांकडे पाहून, येथेच निर्णय द्यावा, अशी विनंती मुख्य ठेवा. फेरविचाराची मागणी पर्यायी असू द्या.

कराच्या दराबद्दलही एक पर्यायी मुद्दा घ्यावा. कलम ११५बबई नुसार ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि त्या वर्षीचा ३ टक्के उपकर धरला तर बारा लाखांवर ९ लाख २७ हजार रुपये होतात, व्याज वेगळे. हा वाढीव दर डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने आला. तो १ एप्रिल २०१७ पासूनच्या व्यवहारांनाच लागतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तो निर्णय येथे बंधनकारक नाही, तरी मुद्दा अपिलाच्या कारणांत लिहिलेला असावा. कलम २७१एएसी खाली दंडाचा आदेश निघाला असेल तर त्याचे अपील स्वतंत्र करावे लागते, हे अनेकांच्या लक्षातून निसटते.

मुदतीचे गणित आता बदलले आहे. पूर्वी आदेश मिळाल्यापासून साठ दिवस होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून आदेश ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यानंतर दोन महिने मिळतात. आपल्याला आदेश १२ जूनला मिळाला, म्हणून ३१ ऑगस्ट ही शेवटची तारीख. अपील फॉर्म ३६ मध्ये करायचे असते. आकारलेल्या उत्पन्नाच्या एक टक्का, पण कमाल दहा हजार रुपये, अशी फी असल्याने आपल्याला दहा हजार भरावे लागतील. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी आपले वर्ष जुने असल्याने १९६१ च्या कायद्यातीलच कलमे लिहावीत.

अपील दाखल केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. खाते गोठवले जाण्याची भीती असेल तर पाचशे रुपये फी भरून स्थगितीचा अर्ज करा. त्यासाठी विभागाने मागितलेल्या कराच्या किमान २० टक्के रक्कम भरावी लागते किंवा तेवढ्याच रकमेचे तारण द्यावे लागते. तारणाचा पर्याय कायद्यात आहे, तरी त्याबद्दल फार थोड्या जणांना सांगितले जाते. स्थगिती १८० दिवसांची असते आणि ती वाढवून घेता येते.

आकारलेले उत्पन्न पन्नास लाखांच्या आत असल्याने आपले प्रकरण एकसदस्यीय पीठापुढे चालू शकते. वकील किंवा सनदी लेखापाल नेमणे परवडत नसेल तर कलम २८८ प्रमाणे मुलगा या नात्याने वडिलांच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन आपण स्वतः उभे राहू शकता. वस्तुस्थितीबाबत न्यायाधिकरणाचा शब्द अखेरचा मानला जातो आणि उच्च न्यायालयात केवळ कायद्याच्या भरीव प्रश्नावर जाता येते, म्हणून जे कागद द्यायचे ते येथेच द्यायचे आहेत. निकाल आपल्या बाजूने लागला तर, काही अपवाद सोडता, दोन कोटींपेक्षा कमी कर गुंतलेल्या प्रकरणात विभाग उच्च न्यायालयात जात नाही.

तलाठ्याकडून २०१५-१६ आणि २०१६-१७ या दोन्ही वर्षांचा गाव नमुना बारा या आठवड्यातच मागवून घ्या. नऊ एकरांपैकी बगीचा किती एकर आहे, ते आपल्या प्रश्नात कुठेच लिहिलेले नाही.