ऑस्ट्रियाची चांदीची नाणी घरी मागवली तर कर किती? ‘चलनी नाण्यावर कर नसतो’ हे खरं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत राहता, व्हिएन्ना फिलहार्मोनिकची एक औंसाची वीस नाणी युरोपातल्या विक्रेत्याकडनं मागवायची आहेत. कुणीतरी सांगितलंय की नाण्यावर दीड युरो छापलेलं आहे म्हणजे ते चलन, चलनावर कर नाही, आणि भीती वाटत असेल तर ‘भेट’ लिहून घ्या. हा सल्ला बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत छातीठोकपणे दिला जातो आणि त्यापायी चांगल्या संग्राहकांची पार्सलं अडकतात. म्हणून सविस्तर लिहितो.

कर लागतो. नाणी कस्टम्सच्या ७११८ शीर्षकात (शीर्षक म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक) येतात, वैध चलन असलेली असोत वा नसलेली. वैध चलन असल्यानं फक्त पुढचे आकडे बदलतात (चलनात वैध नसलेलं, सोन्याखेरीजचं नाणं ७११८ १० ००, बाकीची ७११८ ९० ००), कर माफ होत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मौल्यवान धातूंच्या नाण्यांवरचा बोजा १५ टक्क्यांवरून ६ वर आला: मूळ सीमाशुल्क ५ आणि कृषी पायाभूत उपकर १. त्या सगळ्यावर ३ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तिन्ही मिळून ९.१८ टक्के.

हे ९.१८ टक्के कशावर, इथंच लोक गंडतात. दीड युरोवर नाही, चांदीच्या वजनावरही नाही. माल, विमा आणि वाहतूक मिळून जी किंमत होते तिच्यावर. समजा नाणी १,००,००० रुपयांची, वाहतूक ६,०००, विमा १,०००. करपात्र किंमत १,०७,०००. सीमाशुल्क ५,३५०, उपकर १,०७०, बेरीज १,१३,४२०, तिच्यावर ३ टक्के म्हणजे ३,४०२ रुपये ६० पैसे. एकूण कर ९,८२२ रुपये ६० पैसे. आता विक्रेत्यानं वाहतूक आणि विमा बिलावर दाखवलाच नाही तर मूल्यांकन नियमांप्रमाणे वाहतूक मालाच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. किंमत १,२१,१२५ होते आणि कर ११,११९ च्या घरात जातो. दोन ओळी बिलावर नसल्यामुळे तेराशे रुपये जादा.

‘सरकार दर पंधरवड्याला चांदीचा टॅरिफ दर (कर मोजायची ठरीव किंमत) जाहीर करतं, कर त्यावर लागेल’ असंही तुम्हाला कुणी सराफ सांगेल. विटांच्या बाबतीत बरोबर. पण त्याच अधिसूचनेत लिहिलंय की ९९.९ टक्क्यांची नाणी आणि पदकं पोस्ट, कुरियर किंवा प्रवासी सामानातनं आली तर तो दर लागू नाही, आणि परदेशी चलनी नाणी तर ‘चांदी’ या शब्दातच धरायची नाहीत. म्हणजे तुमच्या पार्सलला बिलाची किंमत लागणार, त्यात विक्रेत्याचा प्रीमियम, म्हणजे चांदीच्या भावावरची जादा रक्कमही आली. बिल खरं आणि पूर्ण हवं ते यासाठी.

आता मार्ग. कुरियर नको. एक्स्प्रेस कुरियरच्या कस्टम्स नियमावलीतनं ‘कोणत्याही स्वरूपातलं सोनं किंवा चांदी’ वगळलेलं आहे. विक्रेत्याला हे माहीत नसतं, तो बिनधास्त पाठवतो, आणि पार्सल बंगळूरला आलं की कुरियर टर्मिनलमध्ये सुटत नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या एका संग्राहकाचं असंच झालं. मेक्सिकोची लिबर्टाड आणि ब्रिटनची काही जुनी ब्रिटानिया, सगळी एका कुरियरनं मागवलेली. बिलावर एकच ओळ: ‘सिल्व्हर राउंड, एक औंस’ आणि नगांची संख्या. पार्सल कुरियरकडनं एअर कार्गोत हलवलं. तिथं साधी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) भरावी लागते, त्यासाठी कस्टम्स एजंट धरावा लागतो, आणि तोवर गोदामाचं भाडं चालू. कागद पाहून अधिकारी म्हणाले, ही नाणी नव्हेत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. राउंड म्हणजे खासगी टांकसाळीची चकती, ती ७११४ मध्ये, चांदीच्या वस्तूंत जाते आणि तिचा दर कितीतरी जास्त आहे. शिवाय लिबर्टाडवर दर्शनी किंमत छापलेलीच नसते. हातात घेऊन बघा: विजयदेवता, मागं ज्वालामुखी, वजन, कस आणि साल, पण पेसोचा आकडा कुठंच नाही. तरी मेक्सिकोच्या कायद्यानं ते वैध चलन आहे, त्याची किंमत तिथली मध्यवर्ती बँक ठरवते.

सुटका कशी झाली ते नीट वाचा, कारण हेच कागद तुम्ही आधीच तयार ठेवायचे आहेत. विक्रेत्याकडनं दुरुस्त केलेलं अंतिम बिल मागवलं (प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ दिलेलं कच्चं बिल, चालत नाही), त्यात प्रत्येक प्रकाराची वेगळी ओळ: देश, टांकसाळ, साल, दर्शनी किंमत किंवा ‘दर्शनी किंमत नाही, वैध चलन’, कस, ग्रॅममधलं वजन, नग, दर. टांकसाळीच्या अधिकृत माहितीपत्रकाची प्रत. दोन्ही बाजूंचे फोटो. पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा. ब्रिटानियाचा कस वेगळा दाखवला, कारण २०१२ पर्यंतची ब्रिटानिया ९५८ ची (हजारात ९५८ भाग चांदी) आहे, ९९९ ची २०१३ पासून. सरसकट ९९९ लिहिलं आणि तपासणीत कमी निघालं तर उरलेल्या कागदांवरचाही विश्वास उडतो. शेवटी लेखी कारणांसहित आदेश मागितला. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७(५) खाली तो १५ दिवसांत द्यावा लागतो. शीर्षक ७११८ झालं. पण गोदामभाडं आणि एजंटची फी मिळून कराच्या वर गेली, ती परत मिळत नाही.

म्हणून पोस्ट. विमा उतरवलेलं पार्सल, साधं पाकीट अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत नाणी आणि मौल्यवान धातू साध्या पाकिटात घालायला बंदी आहे. पार्सल भारतातल्याच ‘फॉरेन पोस्ट ऑफिस’मध्ये तपासलं जातं आणि कराची चिठ्ठी लागून तुमच्या पोस्टात येतं, कर भरून ताब्यात घ्यायचं. दर कुठल्या दिवसाचा? टपाल खातं मालाची यादी कस्टम्सकडं सादर करतं त्या दिवसाचा, तुम्ही ऑर्डर दिल्याचा नव्हे.

चिठ्ठीवरचं शीर्षक आधी वाचा. ९८०४ दिसलं तर थांबा. ते वैयक्तिक वापराच्या सरसकट मालाचं शीर्षक आहे, दर नाण्यांपेक्षा जास्त. पार्सल घेण्याआधी फेरआकारणीसाठी लेखी अर्ज द्या. कर भरून मग नुसता परतावा मागू म्हणाल तर ते आयटीसी कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर चालत नाही. आकारणीविरुद्ध आधी अपील, तेही ६० दिवसांत.

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला मुद्दाम लिहा. फिलहार्मोनिकची वीसची नळी येते. तपासणीत नळी उघडली की नाणी उघड्या हातात जातात आणि बोटाचा ठसा शुद्ध चांदीवर कायमचा बसतो. प्रत्येक नाणं वेगळ्या कॅप्सूलमध्ये मागवा, थोडा खर्च येतो. बिल व्हॅटशिवायचं घ्या, माल युरोपाबाहेर जातोय.

कुणी गल्फमधनं गोव्याला उतरून चोर्ला घाटानं घरी येणार असेल आणि त्याच्याकडनं आणायचा विचार असेल, तर त्याला सांगा की करमाफीच्या मर्यादेत दागिन्यांखेरीजची चांदी बसत नाही. एक नाणं असलं तरी रेड चॅनलला (विमानतळावरची करपात्र मालाची रांग) जायचं, बिल दाखवायचं.

आता ‘भेट’. शहापुरातल्या एका सराफांशी माझा यावर जुना वाद आहे. ते अजून गिऱ्हाइकांना हेच सांगतात. डिसेंबर २०१९ पासून पोस्टानं किंवा कुरियरनं भेट म्हणून माल आणायला बंदी आहे, सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. म्हणजे भेट लिहिलेलं पार्सल करमुक्त होत नाही, ते बंदी असलेला माल ठरतं. आणि वीस नाण्यांची किंमत तीस युरो लिहिली तर ती खोटी घोषणा: कलम १११ खाली जप्ती, ११२ खाली दंड, सोडवायचं तर १२५ खाली वेगळा दंड. नऊ टक्के वाचवायला अख्खी नाणी घालवायची, याला मी व्यवहार म्हणत नाही. सराफांना काही होत नाही, पार्सल गिऱ्हाइकाच्या नावावर असतं.

आणि खरं सांगू? नुसती चांदी साठवायची असेल तर हे सगळं कशाला? हुपरी निपाणीपासून किती लांब आहे? ३ टक्के जीएसटी भरून पक्क्या बिलावर कांडी घ्या. आयात केलेलं नाणं खडे बाजारात विकायला नेलं तर वितळीच्या भावानं जातं, प्रीमियम, वाहतूक, कर सगळं गेलं. नाण्याची घडण, साल, टांकसाळ यांचा नाद असेल तरच मागवा, आणि असेल तर जरूर मागवा.

राहिलेल्या गोष्टी. वरचे दर २०२४ चे. सोन्या-चांदीचे दर सरकार मध्येच बदलतं, त्यामुळे पैसे पाठवण्याआधी कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर ७११८ चा चालू दर बघा. वैयक्तिक संग्रहासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही, पण आधार-पॅन लागतं. वारंवार मोठी संख्या मागवली तर व्यापार धरला जाईल. विटा आणि दाणे या मार्गानं मागवू नका, ७११८ नव्हे तर ७१०६, तिथं नेमलेल्या बँका आणि संस्थांनाच परवानगी. शंभर वर्षांवरची नाणी, उदाहरणार्थ लंडनहून येणारे व्हिक्टोरियाचे रुपये, संग्रहवस्तू म्हणून ९७०५ मध्ये मागता येतात. एकदा भारतात आली की ती पुरावस्तू, परत बाहेर विकता येत नाहीत. कराची पावती जपून ठेवा, विकताना भांडवली नफा काढायला ती खरेदीच्या खर्चात धरायची असते.