‘इंग्रजीच्या वर्गात बसवलंय, परत येऊ का?’

मी समुपदेशक आहे. जुलै उजाडला की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. बहुतेक वेळा आई किंवा वडील बोलत असतात. मुलगा इंग्लंडला पोहोचलेला असतो, एमएस्सीला प्रवेशही ठरलेला असतो, पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, कमी पडलेला असतो. म्हणून विद्यापीठानं मुख्य अभ्यासक्रमाच्या आधी सहा किंवा दहा आठवडे इंग्रजीच्या वर्गात बसायला सांगितलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोर घरी फोन करून म्हणतं, ‘मला नाही जमणार, मी परत येतो.’ काही घरांत तर असा वर्ग आहे हेच नातेवाइकांना सांगितलेलं नसतं. ‘कॉलेज सुरू झालं’ एवढंच सांगितलेलं असतं.

हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला आहे की एकाच्या अनुभवातून सगळ्यांना उत्तर द्यावं असं वाटलं. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला साडेसहा, वाचनाला आणि बोलण्याला सहा-सहा, लेखनाला साडेपाच. सरासरी सहा, आणि विद्यापीठाला हवे होते साडेसहा.

पहिला फोन वडिलांचा होता. “मॅडम, पैशाचं मी बघतो. पण पोरगं धड जेवत नाही. खोलीच्या बाहेर पडत नाही. त्याला तिथं परत पहिलीत बसवल्यासारखं वाटायलंय.”

त्याच रात्री मुलाशी बोलले. माझ्याकडे अकरा वाजले होते, त्याच्याकडे साडेसहा, आणि त्याच्या खिडकीत लख्ख ऊन. त्याचा चेहरा मात्र रात्र झाल्यासारखा.

“वर्गात आम्ही सतरा जण आहोत, मॅडम. बारा चीनचे, दोन सौदीचे, एक तुर्की, एक थायलंडचा. भारतातला मी एकटा. चीनची मुलं मला विचारतात, तुमच्याकडे तर सगळे इंग्रजी बोलतात ना, मग तू इथे कसा?”

“मग तू काय सांगतोस?”

“काही नाही. हसतो.”

सेमिनारमध्ये काय होतं तेही त्यानं सांगितलं. बोलायचं असतं, मुद्दाही असतो. वाक्य मनात मराठीत येतं. ते इंग्रजीत करायचं, काळ तपासायचा, ‘द’ लावायचा की नाही ते ठरवायचं. तोवर विषय दोन माणसं पुढे गेलेला असतो. “आठवडाभर मी एकही वाक्य बोललो नाही. मला इंग्रजी येतच नाही, मॅडम.”

हे तो माझ्याशी मराठीत बोलत होता, पण तासाभरात त्यानं मला त्या दिवसाच्या व्याख्यानातले सगळे मुद्दे सांगितले होते. व्याख्यान इंग्रजीत झालं होतं. ते मी टिपून ठेवलं, त्याला लगेच बोलून दाखवलं नाही.

अशा मुलांना ‘आत्मविश्वास वाढव’ असं सगळेच सांगतात. आधी आत्मविश्वास येतो आणि मग माणूस बोलायला लागतो, असं मला माझ्या कामात फारसं दिसलेलं नाही. माणूस थरथरत का होईना बोलतो, आभाळ कोसळत नाही, आणि आत्मविश्वास मागून येतो. माझी वैचारिक घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली, जो विचार आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवला. त्यामुळे माझं लक्ष नेहमी एका छोट्या अक्षराकडे जातं. ‘बोलता आलं तर बरं’ ही इच्छा असते. ‘बोलता आलंच पाहिजे’ म्हटलं की तो स्वतःवर लादलेला हुकूम होतो. मराठीत त्या हुकमाला एकच अक्षर पुरतं, ‘च’. पण हे पहिल्याच भेटीत सांगितलं तर ते व्याख्यान होतं. समोरच्याला स्वतः तिथे पोहोचावं लागतं.

दुसऱ्या भेटीत मी विषय बदलला. इंजिनिअरिंगला असताना खोलीत कोण कोण होतं, असं सहज विचारलं. म्हणाला, दोघे बिहारचे, एक नगरचा.

“मग खोलीत कोणती भाषा?”

“हिंदी. चार वर्षं.”

“हिंदी चांगली आहे तुझी?”

तो पहिल्यांदा मोकळा हसला. “कसली चांगली! मेरेको, तेरेको. ‘मेरा बस छूट गया.’ ते दोघे पोट धरून हसायचे.”

“मग तू गप्प बसायला लागलास?”

“छे! मीपण हसायचो. भांडणंसुद्धा हिंदीतच करायचो.”

“बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायचास? बस स्त्रीलिंगी की पुल्लिंगी ते बघून?”

तो थांबला. ऑनलाइन समुपदेशनात शांतता आली की नेट गेलंय का असं वाटतं, म्हणून अनेक जण ती घाईनं भरून काढतात. मी तसं करत नाही. तो कितीतरी वेळ खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला,

“हिंदी चुकली तर हिंदी चुकते, मॅडम. इंग्रजी चुकलं तर मी चुकतो.”

इतक्या वर्षांच्या कामात मला हे इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. मराठी माणसाची ही जवळजवळ सार्वत्रिक गोष्ट आहे. मोडकी हिंदी आपण रिक्षात, बँकेत, रेल्वेच्या डब्यात बिनधास्त बोलतो, कारण त्या हिंदीला कुणी आपल्या अकलेचं माप मानलेलं नसतं. इंग्रजीला मानलेलं असतं. त्यामुळे आपल्या मुलांना दुसरी भाषा चुकत-माकत, निर्भयपणे कशी बोलायची हे आधीपासून येत असतं. ते कौशल्य परदेशातल्या कुठल्याही वर्गात शिकावं लागत नाही, फक्त हिंदीच्या खोलीतून इंग्रजीच्या खोलीत आणावं लागतं.

“इंग्रजी चुकल्यावर तू चुकतोस, हे तुला कधीपासून वाटतं?” मी विचारलं.

सहावीत. धडा मोठ्यानं वाचायचा होता. त्यानं ‘वेडनेसडे’ वाचलं, जसं लिहिलं होतं तसं. वर्ग हसला, आणि शिकवणाऱ्यांनी त्याला तोच शब्द तीनदा पुन्हा वाचायला लावला. त्या दिवसापासून मुलं त्याला ‘वेड्या’ म्हणू लागली. हे नाव दहावीपर्यंत टिकलं. घरी त्यानं कधी सांगितलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत इंग्रजी वाक्य उच्चारण्याआधी तो नकळत तपासत होता, यात कुठे ‘वेडनेसडे’ तर लपलेला नाही ना.

त्या रात्री मी त्याला एकच काम दिलं. प्रत्येक सेमिनारच्या पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा. वाक्य पूर्ण जुळायच्या आधी हात वर करायचा. मला फक्त आकडा कळवायचा, कसं बोललास ते नाही. एलिस यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलण्याची भीती घालवायला ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं होतं. शंभरेक जणींशी बोलले, भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही, पण भीती गेली. ही गोष्ट ऐकून त्याला फार बरं वाटलं. पहिल्या आठवड्यात आकडा आला दोन, दुसऱ्या आठवड्यात सात.

मधल्या काळात वडिलांशी बोलणं झालं. मुलगा कच्चा म्हणून त्याला वेगळं काढलंय, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. मी त्यांना सांगितलं की असे वर्ग नवे नाहीत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात भाषातज्ज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी १९४१ मध्ये इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. आजही अमेरिकेत निव्वळ भाषा शिकायला विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलाला आठवड्याला किमान १८ तास वर्गात बसावं लागतं. आयईएलटीएसची बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांत संपते. विद्यापीठात तासभर व्याख्यान ऐकून टिपणं काढायची असतात, चाळीस पानं वाचून त्यातला वाद शोधायचा असतो, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून त्याचा संदर्भ द्यायचा असतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे बीजप्रक्रिया म्हणा की. बियाणं खराब असतं म्हणून कुणी करत नाही, उगवण चांगली व्हावी म्हणून करतात.”

मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला हेच सांगते, आणि हे माझं नाही असंही सांगते.

पाचव्या भेटीत तो स्क्रीनसमोर वही धरूनच बसला होता. शहरातले पूर आणि काँक्रीट यावर त्यानं निबंध लिहिला होता. शिक्षिकेनं त्यातला ‘ऑलवेज’ खोडून ‘टेंड्स टू’ केलं होतं आणि ‘प्रूव्ह्ज’च्या जागी ‘सजेस्ट्स’ सुचवलं होतं. पुरावा जेवढा, तेवढंच बोलायचं, असं तिनं वर्गाला समजावलं होतं. अभ्यासाच्या इंग्रजीत याला हेजिंग म्हणतात, म्हणजे वाक्याला कुंपण घालणं.

“मॅडम, मागच्या वेळी तुम्ही मला ‘च’ खोडायला सांगितला. हे तेच आहे ना?”

आणि त्यानं वहीचं मागचं पान वाचून दाखवलं. डावीकडे जुनी वाक्यं, उजवीकडे दुरुस्त केलेली. ‘मी चुकलो की सगळे हसतातच.’ ‘मी चुकलो तर कधीकधी कुणीतरी हसतं.’ ‘मला इंग्रजी येतच नाही.’ ‘मला इंग्रजी लिहिताना अडखळायला होतं, ऐकलेलं बरंचसं कळतं.’ ‘मी नापास होणारच.’ इथे उजवीकडे त्यानं लिहिलं होतं, ‘सध्याच्या पुराव्यावरून सांगता येत नाही.’

मी इतकी वर्षं लोकांना इच्छा आणि हट्ट यांतला फरक शिकवते आहे. विद्यापीठाचं इंग्रजी हाच फरक लेखणीनं शिकवतं, हे मला कधी दिसलं नव्हतं. ते एका खत-दुकानदाराच्या मुलानं दाखवलं. ज्या वर्गाला तो शिक्षा समजत होता त्या वर्गानंच त्याला त्याचं औषध दिलं, मी फक्त बाटलीवरचं नाव वाचायला शिकवलं होतं. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, आनंदानं.

आता जे पालक आणि मुलं याच टप्प्यावर आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते.

फोनवर रोज ‘आज किती बोललास’ असं विचारू नका. काय खाल्लंस, कोण भेटलं, थायलंडचा मित्र काय म्हणतो, हे विचारा. घरात वर्ग लपवला असेल तर आधी तो उघड करा. आपल्या वर्गाची घरच्यांना लाज वाटते, हे मुलाला कळल्याशिवाय राहत नाही, आणि मग तीच लाज घेऊन तो सेमिनारला बसतो.

मुलांनो, मराठी सोडू नका. ‘इंग्रजीतच विचार कर’ हा सल्ला मी देत नाही. मुद्द्यांचा आराखडा मराठीत काढा, वाक्यं इंग्रजीत करा. शब्दांची भीती वाटत असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये केलेली अभ्यासाच्या इंग्रजीची यादी घ्या. ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट. दिवसाला दहा घेतली तर दोन महिन्यांत संपते, आणि कुठल्याही विषयाचं पुस्तक एकदम कमी परकं वाटू लागतं. शिक्षकांनी कागदावर केलेल्या खुणा मोजू नका, गटानं बघा. त्याच्या निबंधावर एकतीस खुणा होत्या, पण त्यातल्या एकोणीस एकाच चुकीच्या होत्या, ‘द’ आणि ‘अ’च्या. मराठीत ही गोष्टच नाही, तर ती चुकणारच. इथला ‘च’ मी खोडणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. अशा वर्गाची शेवटी परीक्षा असते, आणि ती न उतरल्यास मुख्य प्रवेश लांबू शकतो किंवा जाऊही शकतो. निघण्याआधीच प्रवेशपत्रातली अट शब्द न् शब्द वाचा. पुन्हा संधी मिळते का, ते ईमेलनं विचारून ठेवा. हजेरी चुकवू नका, व्हिसा तिच्याशी बांधलेला असतो. आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो प्रश्न इंग्रजीचा राहिलेला नाही. त्याच दिवशी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे जा. तिथे मोडक्या इंग्रजीत बोललेलं चालतं.

त्याचं पुढे काय झालं? लेखनात त्याला हवे होते तेवढेच गुण मिळाले, एकही जास्त नाही. सप्टेंबरच्या शेवटी मुख्य अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे मुंबई-दिल्लीची फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं होती. पहिला निबंध आला तेव्हा संदर्भ कसे द्यायचे हे विचारायला त्यातली तिघं याच्या खोलीवर आली. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती, नवल होतं.

आमच्या भेटी महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा अशा विरळ होत गेल्या. नोव्हेंबरमधली एक भेट त्यानं आदल्या रात्री रद्द केली. निरोप मराठीत होता:

‘मॅडम, या वेडनेसडेला नको. माझं प्रेझेंटेशन आहे.’